भावासाठी कुठलं काम बघावं?

धाकटा भाऊ, बीकॉम, टॅली एकदम पक्कं, पण साहेब "जमलं तर बघ" म्हणाले की तो खरंच जमलं तरच बघतो, कोणी "कसं वाटलं?" विचारलं की खरं ते तोंडावर सांगतो, त्यामुळे नोकरी टिकत नाही. आता ऑटिझमचं निदान झालंय. काय शोधू?

साताराकर: काउंटर, सेल्स नकोच. बँक रिकन्सिलिएशन (बँकेचं स्टेटमेंट आणि आपले हिशेब जुळवणं), जीएसटीच्या बिलांची जुळवणी, सॉफ्टवेअर टेस्टिंग बघा, जिथे बरोबर-चूक कागदावर ठरतं. पण खरं सांगू का ताई, कामापेक्षा साहेब कसा आहे ते जास्त महत्त्वाचं! "शुक्रवारी ४ पर्यंत ही फाइल पाठव" असं स्पष्ट लिहून देणारा हवा. माझ्या मुलाचं ह्यावरच सुरळीत झालं, काम तेच होतं, फक्त सूचना ईमेलवर यायला लागल्या. आणि मुलाखतीऐवजी कामाची चाचणी घ्या असं आधीच विचारा, गप्पांमध्ये ही मुलं उगाच मागे पडतात.

मीरा_ठाणे: यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलंत का? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व ४०% किंवा जास्त असेल तर सरकारी भरतीत आरक्षण मिळतं, मात्र ते पद ऑटिझमच्या गटासाठी असायला हवं, जाहिरात नीट वाचा. खाजगीत एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीचा २०१३ पासून खास ऑटिझमसाठी भरती कार्यक्रम आहे.

प्रश्नकर्ती: कार्ड नाही काढलं अजून. पण ऑफिसात सांगायचं का?

साताराकर: आधी त्याला विचारा. त्याची तयारी नसेल तर नाव न घेता "सूचना लेखी द्या" एवढं मागता येतं.