डायपर फाटून आतली जेली बाळाच्या अंगाला लागली, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकला इंदिरानगरला राहतो, मुलगी सात महिन्यांची. काल रात्री डायपर बदलायला उशीर झाला आणि तिने पाय झाडले तसा तो मांडीजवळ फाटला, आतून साबुदाण्याच्या खिरीसारखे चिकट पारदर्शक दाणे, मांडीला, दुपट्याला, माझ्या बोटांना, पुसायला गेले तर अजूनच पसरले. तिची मूठ सारखी तोंडात असते, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सासूबाई लंगोटच बांध म्हणतायत.

आज एक कोरा डायपर कापून पाहिला. पाकिटावर कापसासारखा मऊ लिहिलंय पण कापूस कुठेच नाही हो, नेटवर शोधलं तर वरचा मऊ थर पॉलिप्रॉपिलीनचा म्हणजे प्लॅस्टिकच, बाहेर पॉलिथिलीनची फिल्म, मधे लाकडाचा लगदा. तो लगदा पेपरवर झटकला तर बारीक रव्यासारखी पूड पडली, वाटीत पाणी ओतलं आणि बघता बघता जेली!

हे दाणे पोटात गेले असतील तर? मांडीला इलॅस्टिकच्या जागी लाल वळ आहे तो यानेच का? आणि डायपरवरची ती पिवळी रेघ ओली झाली की निळी होते, तो रंग अंगाला लागतो का? वजन ७ किलो ८००, साइज एस वापरतोय.

प्रतिसाद:
ताई, घाबरू नका. ती पूड सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, साधं पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट धरते, लघवीत क्षार असतात म्हणून तिथे बरंच कमी. त्या वाटीत चमचाभर मीठ घाला, जेलीतलं पाणी सुटेल. ओले एक-दोन दाणे गेले तरी ते पचत नाहीत, शीतून निघून जातात. पण ठसका, उलटी, पोट फुगणं काही दिसलं किंवा गोळाच गिळला तर तडक डॉक्टर. आणि कोरी पूड बाळाजवळ अजिबात उघडू नका, घशात फुगते. अंगावरची जेली घासायची नाही, कोमट पाण्याने धुवायची. रेघेचा रंग बाहेरच्या फिल्मला आतून असतो, अंगाशी येत नाही. वळ इलॅस्टिकचाच वाटतोय, एम घ्या. फाटलेला कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळा द्या.

धागाकर्ती:
खूप आभार दादा! मीठ घातलं, खरंच पाणी सुटलं, सासूबाईपण बघत बसल्या. वळ फक्त इलॅस्टिकच्या रेषेवरच आहे, संध्याकाळी एम आणते. ठसका-उलटी काही नाही, आत्ताच दूध पिऊन झोपली.