कोयनेचे बारके धक्के: खडकाची दिशा कळते, पण इशारा मिळेल का?

घाटवाट: कोयनेला बारका धक्का बसला की दोन ओळींची बातमी येते, जीवितहानी नाही, विषय संपला. मला वाटतं हे २-३ रिश्टरचे धक्के फार मोलाचे आहेत. लाकडाला जशी रेष असते, कुऱ्हाड रेषेत घातली की सहज जाते आणि आडवी घातली की अडते, तसंच खालच्या खडकाचं, कारण दाबामुळे त्यातल्या बारीक उभ्या भेगा एकाच दिशेला लागलेल्या असतात. भूकंपाची एस लाट (जमिनीला आडवं हलवणारी) त्यातून वर येताना दोन लाटांत फुटते, भेगांना समांतर हलणारी आधी पोचते, आडवी हलणारी मागे राहते. फरक सेकंदाच्या काही शतांश भागांचा, पण सिस्मोग्राफने आडव्या हालचालीच्या काढलेल्या दोन रेघा नीट फिरवून एकाखाली एक ठेवल्या की डोळ्यांना दिसतो. हा फरक वाढला म्हणजे भेगा वाढल्या, मग रोज बघत राहिलो तर मोठ्या भूकंपाआधी इशारा नाही का मिळणार?

दगडधोंडे: दिशेचं मान्य, इशाऱ्याचं अजिबात नाही. तो फरक लाट कुठल्या वाटेने आली त्यावरही ठरतो, धक्क्याची जागा जराशी सरकली की आकडा बदलतो. फॉल्टजवळ (म्हणजे खडक जिथे तुटून सरकतो त्या तडीजवळ) तर दिशाही कधीकधी फॉल्टच्या कडेने लागते, दाबाच्या नाही. कॅलिफोर्नियात पार्कफिल्डला २००४ साली ६ रिश्टरचा भूकंप झाला, त्याच्या आधीचे आणि नंतरचे बारके धक्के तपासले तर ठळक बदल सापडलाच नाही.

घाटवाट: आणि आइसलँड? १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये एडिंबराचे भूकंपशास्त्रज्ञ स्टुअर्ट क्रॅम्पिन यांनी याच पद्धतीने आधी सांगितलं आणि ५ रिश्टरचा धक्का बसलाच की.

दगडधोंडे: बसला, पण नेमकी जागा त्या लाटांनी नव्हती दाखवली. एकदा बरोबर आलं म्हणून आख्ख्या तालुक्याला रात्री घराबाहेर काढणार का?

पाटणची_लेक: आमच्या घरात कोयनेच्या मोठ्या भूकंपाची, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट अजून निघते, आजी म्हणायची मांडणीवरची भांडी आधी पडली आणि मग भिंत. त्यामुळे इशाऱ्याची आस मला कळते, पण खोटी आशा नको. माझं म्हणणं तुम्हा दोघांपेक्षा वेगळं आहे, धरण भरतं तेव्हा पाणी कुठल्या भेगांतून खाली जातं हे आधी बघा ना. तिथे वरचा साधारण एक-सव्वा किलोमीटर बेसॉल्ट, खाली ग्रॅनाइट, आणि कोयनेजवळच्या गोठणे गावाला ३ किलोमीटर खोल बोअर मारलेलं आहे. लाटांनी सांगितलेली दिशा त्या बोअरमधल्या भेगांशी ताडून बघता येते, अशी सोय किती ठिकाणी असते?

दगडधोंडे: हे पटलं. पण तिरके आलेले धक्के बाजूला काढा हां, उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंशांच्या पलीकडची लाट जमिनीच्या पृष्ठभागाशी येऊन बिघडते. आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारे धक्केच घ्या, एक धरणाचं पाणी तळाला गेल्यावरचा, एक भरल्यावरचा, तेव्हा फरक दिसला तर मी मानेन.