मदत हवी आहे : शाळेतल्या मुलांना जेंबे शिकवताना

नमस्कार मंडळी. मी शिकागोत राहतो. इथल्या एका गरीब वस्तीतल्या शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर पश्चिम आफ्रिकी ढोल (मुख्यतः जेंबे, म्हणजे हाताने वाजवायचा ढोल) आणि नाचाचा वर्ग चालतो, तिथे मी मदतनीस आहे. शिकवणारे दादा मूळचे पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशाचे. सध्या त्यांनी तिथलाच 'कुकू' हा ताल घेतलाय.

वाद्यं मोजकीच, मुलं भरपूर. बाकीची प्लास्टिकच्या बादल्यांवर वाजवतात. ठेका बसतो, पण जेंबेच्या मधोमध पंजा टाकून निघणारा घुमारा आणि कडेवरची करकरीत थाप यातला फरक बादलीवर हाताला कळतच नाही. यावर काही स्वस्त उपाय?

दुसरं, नाच. मुख्य जेंबेवाला ठराविक तुकडा वाजवून इशारा देतो आणि नाचणाऱ्यांनी त्याच क्षणी पुढची चाल घ्यायची असते. आमची मुलं इशारा ऐकण्याऐवजी शेजारच्याचे पाय बघतात! आठवीचे मुलगे तर नाचायलाच लाजतात, डुनडुन (काठीने वाजवायचा मोठा ढोल) मात्र सोडत नाहीत. (एका हाताने ढोल, दुसऱ्याने वरची घंटा, भारी जमतं त्यांना.)

हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने जेंबेवरचं बकऱ्याचं कातडं ताणून फाटतं, तेही आहेच.

इथल्या ढोल-ताशा पथकांत कुणी लहान मुलांना शिकवलंय का? इशारा कानात कसा बसवता? मुलांकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे धरून सुचवा.