जुन्या कॅसेट वाचवायच्या आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी अमळनेरचा. घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावर बाबांची पत्र्याची पेटी सापडली. आत चाळीसेक कॅसेट! १९८० ची 'कुर्बानी', नाझिया हसनची 'डिस्को दीवाने', बप्पी लाहिरींचा 'डिस्को डान्सर'. ('कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' गायली तेव्हा नाझिया जेमतेम पंधराची होती, आणि संगीतकार बिद्दूने तो आवाज किती मोकळा ठेवलाय! आजच्या रिमिक्सवाल्यांनी जरा ऐकावं.)

अडचण अशी की आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली पेटी किती तापली असेल, सांगायला नको. 'डिस्को दीवाने'ची दुसरी बाजू लावली की आवाज गोणपाटाआडून आल्यासारखा येतो. उघडून पाहिलं तर फितीमागची ती इवलीशी नमद्याची गादी गळून पडलीय. दोन-तीन फितींवर पांढरी बुरशी आहे, त्या मी अजून लावल्याच नाहीत. डेकचा पट्टाही सैल झालाय, गाणं रेंगाळतं.

जळगाव, धुळे, भुसावळकडे अजून डेक दुरुस्त करणारं कुणी आहे का? गादी घरी बसवता येते का? बुरशी कशाने पुसावी? फिती वाचल्या तर पेनड्राइव्हवर घ्यायच्यात. बाबा रोज विचारतात, "झालं का रे?"