चर्चा: ग्रंथालयशास्त्राचं संशोधन प्रश्नावलीतच अडकलंय का?

ग्रंथपाल, अमळनेर तालुका
गेल्या महिन्यात वाचनकक्षात आणखी एक प्रश्नावली आली. ‘ग्रंथालयाच्या वेळांबाबत आपण किती समाधानी आहात?’ एका मुलाने एसटी चुकू नये म्हणून उभ्याउभ्याच सगळीकडे ‘समाधानी’वर खुणा केल्या नि कागद माझ्या हातात दिला. आता त्याची टक्केवारी निघेल, प्रबंध होईल, शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, जाईल. मला याचं मनापासून वाईट वाटतं. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे, समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखितं आहेत. तिकडे आपली पोरं का वळत नाहीत? माझ्याकडे अहिराणी गाणी-म्हणींचं अख्खं कपाट आहे. संगणकात नोंद काय, तर ‘भाषा: मराठी’. ‘अहिराणी’ टाकून शोधलं तर एकही पुस्तक सापडत नाही. २०११च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी त्यातच धरलेली) बोलणारे १८ लाखांवर आहेत. हा पीएचडीचा विषय नाही?

संशोधक विद्यार्थी, जळगाव
सर, मला हे पटत नाही. जुन्या कागदांवर काम करायचं तर मोडी यायला हवी, मला येत नाही. आणि पाहणीला कमी लेखू नका. मुली संध्याकाळी वाचनकक्षात का थांबत नाहीत, हे मला प्रश्नावलीतूनच कळलं. गावाकडची शेवटची गाडी साडेपाचला. ते दाखवल्यावर एका कॉलेजने वाचनकक्ष सकाळी ८ला उघडायला सुरुवात केली.

वाचनालय सांभाळणारी, शहादा तालुका
तुम्ही दोघं कॉलेजच्या फाटकाबाहेर येतच नाही. आमचं ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं वाचनालय, एक खोली आणि दोन बाकं. इथे आजवर कुणी संशोधक आला नाही. पपईच्या तोडणीवरून आलेल्या बाया पोरांकडून पेपर वाचून घेतात. वाचक म्हणून त्यांची नोंद कुठे करायची? भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ सालीच सांगून ठेवलंय, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलाच्या हातात मी कोणतं देऊ?

ग्रंथपाल, अमळनेर तालुका
ताई, तुमचं अगदी खरं. भाऊ, गाडीचं तुझं मान्य, पण ते खुणांमधून कळलं का?

संशोधक विद्यार्थी, जळगाव
नाही सर. खुणा सगळ्या ‘समाधानी’वरच होत्या. खाली सूचनांसाठी जागा सोडली होती, तिथे एकीने पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘साडेपाचची गाडी’. मग बाकीच्यांना विचारत गेलो. पण तो कागद वाटलाच नसता तर तेही हाती आलं नसतं, म्हणून माझा विषय मी सोडणार नाही.

तुमच्या कपाटाचं मात्र आजही होऊ शकतं. मार्क (MARC) या संगणकीय ग्रंथनोंदीच्या नमुन्यात भाषेसाठी ०४१ फील्ड असतं, त्यात दुसरा इंडिकेटर ७ ठेवायचा आणि आयएसओ ६३९-३ या भाषांच्या कोड-यादीतला अहिराणीचा ‘एएचआर’ कोड टाकायचा. विषयाच्या नोंदीतही ‘अहिराणी’ शब्द घाला, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. रविवारी येतो, पहिल्या पन्नास नोंदी बसून करू. ताई, तुमच्याकडे कधी येऊ ते कळवा. प्रश्नावली आणणार नाही, वही आणतो.