अनुभव धागा : नाणी जमवणारे आणि नाणी विकणारे

नाण्यांवर आपण पुष्कळ बोललो. आता ती देणाऱ्या-घेणाऱ्या माणसांचे अनुभव लिहा. सुरुवात मी करतो.

पुण्याचा जुना बाजार, रविवार. तांब्याच्या ढिगात एक शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं) सापडली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, उलटून पाहिलं तर ‘छत्रपति’, दोन्ही स्वच्छ. भाव विचारतोय तोच शेजारचा म्हणाला, "मी शंभर जास्त देतो." विकणारे काका त्याच्याकडे न बघताच बोलले, "आधी त्यांना खाली ठेवू दे." एकाच्या हातात नाणं असताना दुसऱ्याने भाव लावायचा नाही, हे मी तिथे शिकलो.

*

आजीच्या डब्यातल्या दुदांडी (मजकुराच्या मध्ये जोडरेघ असलेल्या) शिवराया मी चिंच-मीठ लावून घासल्या आणि लखलखीत करून दुकानात नेल्या. दुकानदारांनी भिंग लावलं, जरा वेळ गप्प बसले. "ताई, हा काळसर थर यायला दोनशे वर्षं लागतात." मग कडेने धरायचं कसं ते दाखवलं. तेव्हापासून मी कुठलंच नाणं धूत नाही.

*

टांकसाळीच्या खुणा मला शाळेत असताना एका काकांनी शिकवल्या. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, खूण नसली तर कोलकाता. चारही रुपये त्यांनीच दिले, पैसे घेतले नाहीत.

*

बाबा गेल्यावर त्यांचा संग्रह एका व्यापाऱ्याने आईकडे चक्क वजनावर मागितला. घरात पैशांची गरज होती, आई जवळजवळ हो म्हणाली होती. त्याच संध्याकाळी बाबांचे एक संग्राहक मित्र आले. तीन दिवस बसून त्यांनी एकेका नाण्याची पाकिटं लिहिली, प्रत्येकावर अंदाजे किंमत. त्यात एक चांदीचा रुपया ते बाबांकडे कित्येक वर्षं मागत होते, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, काका, तो तुम्हीच घ्या. "किंमत मी लावली, मग मी कसा घेऊ?" तो रुपया आम्ही विकलेला नाही.

*

मी न्यू जर्सीत असतो. मुलांसाठी एक शिवराई न्यायची होती. मुंबईच्या दुकानदाराला हे सांगितलं आणि त्यांनी ती विकायलाच नकार दिला : शंभर वर्षांवरचं नाणं १९७२च्या कायद्याने आपल्याला देशाबाहेर नेता येत नाही. मला वाईट वाटलं, ते त्यांनाही दिसलं असावं. त्यांनी नाण्यावर पातळ कागद ठेवला, हलक्या हाताने पेन्सिल फिरवली आणि ‘छत्रपति’ उमटलेला तो कागद माझ्या हातात दिला.