मुलाने बनवलेला गॅस सेन्सर चेंबरमध्ये सोडून बघावा का?

सुजाता_घणसोली
नमस्कार मंडळी. माझा मुलगा दहावीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने गॅस सेन्सर केलाय. एमक्यू-१३५ नावाचं सेन्सर, आर्डुइनोचा छोटा सर्किट बोर्ड आणि पॉवर बँक, सगळं जुन्या डब्यात बसवलंय. जाळीची टोपी असलेलं ते बटणाएवढं सेन्सर हाताला चांगलं गरम लागतं. रात्री एमआयडीसीकडून वास आला की आकडा चढतो, त्यामुळे बिल्डिंगमध्ये त्याचं खूप कौतुक झालं.

आता बी विंगमागचा ड्रेनेजचा चेंबर तुंबलाय. रविवारी त्यात माणूस उतरवायचं ठरलंय. सेक्रेटरी काका म्हणतात, "आधी तुमच्या पोराचा सेन्सर दोरीने खाली सोडू. आकडा कमी आला की उतरवू." पोरगा खूश आहे, पण मला झोप नाही. महिनाभर मी वहीत आकडे लिहितेय. स्वच्छ सकाळी १८० च्या आसपास. वासाच्या रात्री ३१०. पण परवा पाऊस होता, वास अजिबात नव्हता, तरी ३४०. फोडणी दिली तेव्हा ४२०. देवापुढे कापूर लावला तर ५०० च्या वर. मग हा आकडा नेमका कशाचा? मुलगा म्हणतो, नॅनो मटेरियलचे (अतिसूक्ष्म कणांचे) सेन्सर जास्त चांगले असतात. तसला घेतला तर भरवसा ठेवता येईल का?

कळवेकर
आमच्या गावी विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडायचे. विझला की उतरायचं नाही. तो उपाय करून बघा, खर्च काहीच नाही.

तळोजा_इन्स्ट्रुमेंट
ताई, रविवारचं काम आधी थांबवा, मग पुढचं वाचा.

कळवेकर, विहिरीत तसं करत असतील, पण गटारात कंदील सोडू नका. तिथे मिथेन साचलेला असू शकतो, भडका उडेल. आणि ज्याने माणूस मरतो तो हायड्रोजन सल्फाइड ज्योतीला कळतच नाही. माणूस पडेल एवढ्या प्रमाणानेही कंदील विझत नाही.

मी २२ वर्षं गॅस डिटेक्टर कॅलिब्रेट करतोय. या गॅसचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी थोडा असतानाच येतो, म्हणून लोकांना वाटतं नाक आहेच की. पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास काही मिनिटांत नाक बधिर होतं. वास गेला की माणूस म्हणतो, हवा साफ झाली, आणि आणखी एक पायरी खाली उतरतो. एका कारखान्याच्या पिटात माझ्यासोबतचा हेल्पर असाच वाकला होता. मी वरून हाक मारली तर त्याने "आता वास नाही" म्हणून हात हलवला. दुसऱ्या क्षणी गुडघ्यावर आला. कमरेला दोर होता म्हणून ओढून काढता आला. तो हलवलेला हात अजून डोळ्यांपुढे येतो.

आता तुमचा सेन्सर. त्यात टिन ऑक्साइडचा थर असतो आणि आतला हीटर तो तापवत ठेवतो. हवेतला ऑक्सिजन थरावर बसून इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. जळू शकणारी वाफ आली की ती हा ऑक्सिजन खाते, इलेक्ट्रॉन सुटतात, थराचा रोध (विजेला होणारा अडथळा) घटतो आणि आकडा चढतो. फोडणी, कापूर, अमोनिया, कशानेही तोच आकडा चढतो, कशाने चढला ते कळत नाही. पावसाळी दमट हवेतही रोध घटतो, तेच तुमचे ३४०. तुमची वही बरोबर सांगतेय. शिवाय चेंबरमध्ये ऑक्सिजनच कमी असेल तर या सेन्सरचा पायाच सरकतो, मग कमी आकड्याला काही अर्थ नाही. आणि उघड्या वायरी नि गरम हीटर मिथेनमध्ये सोडायचा नाही.

उतरण्याआधी चार गॅसचा प्रमाणित डिटेक्टर लागतो: ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड. तोही सिलिंडरमधला माहीत प्रमाणाचा गॅस देऊन तपासलेला. पण माझं ऐकाल तर माणूस उतरवूच नका. २०१३ च्या कायद्याने गटार-सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि काम देणारी सोसायटीही त्यातून सुटत नाही. पाण्याच्या जोराने गाळ फोडून ओढून घेणारी जेटिंग-सक्शनची गाडी बोलवा.

ऐरोली_रसायन
वरच्या दादांशी पूर्ण सहमत. नॅनोबद्दल थोडं सांगते, कारण एमएस्सीचं प्रोजेक्ट माझं यातलंच.

ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढतो तो कणाच्या वरच्या सुमारे ३ नॅनोमीटर थरातून (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). कण मोठा असेल तर आतला गाभा तसाच राहतो. कण ६ नॅनोमीटरच्या आसपास आणला की अख्ख्या कणातले इलेक्ट्रॉन ओढले जातात, आणि थोड्या गॅसनेही रोध खूप बदलतो. नॅनोची खरी करामत ही. २००० साली स्टॅनफर्डमध्ये कार्बनच्या एका नॅनोनळीने खोलीच्या तापमानाला नायट्रोजन डायऑक्साइड आणि अमोनिया ओळखून दाखवले. २००७ मध्ये ग्राफिनवर (कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा) एकेक रेणू बसता-उठताना मोजला. पण संवेदनशील असणं वेगळं आणि कोणता गॅस ते ओळखणं वेगळं. त्या नळीवर बसलेला गॅस आपणहून सुटायला तासन्‌तास लागत.

ओळख द्यायची तर दुसरा पदार्थ मिसळावा लागतो. आम्ही टिन ऑक्साइडवर कॉपर ऑक्साइड चढवायचो. हायड्रोजन सल्फाइड आला की त्याचं कॉपर सल्फाइड होतं, ते वीज नीट वाहून नेतं आणि रोध धाडकन कोसळतो. गॅस काढून घेतला की रेकॉर्डरवरची रेघ हळूहळू मूळ जागी परतायची. ती परतेपर्यंत मी खुर्चीवरून हलायचे नाही. पण एके दिवशी शेजारच्या टेबलावर कुणीतरी सिलिकॉनचा सीलंट लावला, आणि आमचा थर त्या वाफेने मंदावला तो मंदावलाच. घरातही हे लक्षात ठेवा.

मुलाला सांगा, सेन्सर किमान २४ तास चालू ठेवून मगच आकडे घे, आणि शेजारी आर्द्रता मोजणारा सेन्सर लाव. दोन रेघा एकत्र काढल्या की पावसाचे दिवस वेगळे दिसतील.

सुजाता_घणसोली
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री दादांचं उत्तर सेक्रेटरी काकांना वाचून दाखवलं. हात हलवण्याच्या ओळीनंतर ते बराच वेळ गप्प होते. मग गाडीवाल्याला फोन त्यांनीच केला. बुधवारी सकाळी येतेय, खर्च सगळ्या फ्लॅटमध्ये वाटून घेणार.

ज्या माणसाला बोलावलं होतं त्याला फोन मी केला. तो म्हणाला, "बाई, रोजचं कामच आहे आमचं, आणि मशिन कुणी आणत नाही." ठरलेले पैसे त्याला द्यायचे असं कमिटीकडून कबूल करून घेतलंय. गाडी येईल तेव्हा वर उभं राहून झाकण आणि पाइप सांभाळायला तोच असेल.

मुलगा आधी रुसला. आता बाल्कनीत आर्द्रतेचा सेन्सर जोडतोय, आणि वहीत त्याने नवा रकाना आखलाय.